तुमच्या कुंपणातलं गवत

मंद्रूप, सोमवार

धाकटे भावजी प्रभु यांना थोरल्या वहिनीचा, म्हंजे चन्नम्माचा, आशीर्वाद. सिद्धरामाच्या दयेनं तुमी, चंद्रिका आन पोरं सुखात असाल. चंद्रिकाचं गुडघं कसं हायत? इकडं समदं ठीक हाय असं लिवायची रीत हाय, पण ठीक न्हाय तर लिवू कशाला. तोंडानं सांगाया गेले तर शिव्या येतील म्हणून कागद घेतला. दुधाच्या गाडीवाल्या शिवूकडं देते.

तर गेल्या आठवड्यात तुमच्या वाटणीच्या तुकड्याला आग लागली. (बसून वाचा.) दानम्माच्या शेळ्या आंब्याची रोपं खातात म्हणून तुमी तारेचं कुंपण केलं, फाटकाला कुलूप घातलं आन किल्ली खिशात घालून शहरात, सात रस्त्याला घरी निघून गेला. आवो, त्या शेळ्या होत्या तवर तितं गवत घोट्याच्या वर येत नव्हतं. औंदा पाऊस लई झाला, गवत कमरेला लागलं. श्रावणात तुमी त्यात उभं राहून फोटू काढलं आन म्हणाला, "वहिनी, काश्मीर की हो!" दिवाळीपासनं थेंब न्हाय. काश्मीर वाळून पापड झालं. त्यात दुपारचं पश्चिमेचं वारं सुटलं, असलं कोरडं की धुतलेलं लुगडं दोरीवर टाकूपत्तर वाळतंय. नुसतं गवत काय करत न्हाय, नुसतं वारं बी काय करत न्हाय. पण गवत दाट, वाळून कडकडीत, आन वर वारं, मग त्याला थांब म्हणणारं कोण?

ऊस गेल्यावर पाचट पेटवायचं ते पहाटं, दव असताना, वारं पडल्यालं असताना, हे तुमालाबी ठाऊक हाय. शेजारच्या जोतीरामाला पहाटं पाण्याच्या मोटारीची लाईट आली, तो पिकाला पाणी धरत बसला आन पाचट पेटवलं भर दुपारी. (वर तंबाखू मळत उभा. मी वरडले तर म्हणतो, "वहिनी, तुमचं लांब हाय की!") एक वावटळ आली, जळतं पाचट उचललं आन दोन बांध वलांडून तुमच्या काश्मिरात टाकलं.

मी पळत न्हाय, माझं वजन तुमाला ठाऊक हाय, पण पळाले. लिंबाचं डहाळं घेऊन समदी फाटकापाशी आलो तर कुलूप, आन वर पाटी, आत येण्यास मनाई. आगीला वाचाया येत न्हाय, ती आत गेली. आमी शिकल्याली माणसं, बाहीर उभी. मग तारा वाकवून शिरलो. झोडपून झोडपून निम्म्यात आग आडवली, पण ठिणग्या उडून आमची कडब्याची एक गंजी गेली. तुमच्या अण्णांचं दोन्ही हात भाजलं. गवताच्या कडंला, बांधावर टिटवीची अंडी होती, ती गेली. ती अजून वरडत फिरते.

आता ऱ्हायली एकच गंजी. तेवढ्यावर बैलं आन गाभण म्हैस पावसापत्तर काढायची हायत. आन तुमचं निम्मं गवत अजून उभं हाय, बरोबर वाऱ्याच्या तोंडाला, त्याच्या म्होरं गंजी आन गंजीला लागून घर. दुपार झाली की मी उंबऱ्यात बसून धूर हुंगते. दानम्मानं चूल पेटवली तरी उठून बघून येते. ह्यांना म्हणलं, कापून टाकू. तर म्हणतात, "धाकट्याची वस्तू हाय, त्याला इचारल्याबिगर काडी उचलायची न्हाय." हात फडक्यात गुंडाळल्यालं, नाकावरची माशी हाकलता येत न्हाय, आन ताठा बघा! तर किल्ली शिवूच्या हाती परत पाठवा. जास्त काय लिवू. पोरांना मुका.

तुमची वहिनी चन्नम्मा

ता.क. किल्ली राहू द्या. पत्र घडी घालताना वारं उठलं, मला दम निघंना. दगडानं कुलूप फोडलं आन दानम्माच्या शेळ्या आत सोडल्या. गवत खातायत. जळायची ऱ्हायल्याली आंब्याची रोपं बी खातायत.

आनखी एक. ह्यांना मी खोटंच सांगितलं, भावजींचा फोन आला होता, गवत काढाया होय म्हणालं. तर लगीच इचारलं, "माझं काय इचारलं का त्यानं?" मी म्हणलं, "इचारलं की. लई येळ तुमच्या हाताचंच बोलत होतं." तवापासनं माणूस जरा भाकर खातंय. तवा उद्या फोन करा. त्यांच्या कानाला मी धरते. गवताचं नाव काढू नका.