तुमचा शर्ट घालून टोकावर

आबा, मी समुद्र बघून आले. तुमच्याशिवाय आले, त्याचा राग धरू नका. सांगायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, "मग धारंला कोण हुतं?" कुणी नव्हतं. आता धारच राहिली नाही, आबा. गोठ्यातली शेवटची म्हस दिवाळीचा पाडवा झाल्यावर कागलच्या एका शेतकऱ्याला दिली. पाडव्याला तिला नदीवर नेऊन धुतली, शिंगं रंगवली, घुंगरमाळ बांधून गल्लीतनं मिरवली, आणि मग टेम्पोत चढवली. काय करू? गुडघे बसू देतात तर उठू देत नाहीत. गल्लीत चारी बाजूंनी फ्लॅट उभे राहिलेत. दूध हवं सगळ्यांना, पण शेणाचा वास आला की धाडधाड खिडक्या आपटतात. बरं, तो राग राहू दे आत्ता, नाहीतर समुद्र बाजूलाच राहायचा.

समुद्राकाठचं ते टोक तुमच्या डोक्यात कुणी घातलं ते मला चांगलं आठवतंय. संध्याकाळी आपण म्हशी घेऊन दुधाच्या कट्ट्यावर उभं राहायचो, तुम्ही गिऱ्हाईकासमोर धार काढायचा आणि मी फेसाळलेला पेला त्याच्या हातात द्यायचे. तिथं कोकणातला एक शिंपी रोज यायचा. पेला रिकामा झाला तरी जायचा नाही, गावाकडच्या गोष्टी सांगत बसायचा. त्याच्या गावाच्या पुढं एक टोक आहे, तिथं तिन्ही बाजूंनी समुद्र, झाड नाही, घर नाही, जमीनच संपते. तुम्ही कासंवरचा हात थांबवून विचारलंत, "जमीन संपल्यावर माणूस काय करतोय मग तितं?" तो म्हणाला, "काय करतलो? मागे फिरतलो." तुम्ही एवढे हसलात की म्हस बिचकली. तेव्हापासून तुमचं एकच, "ही भाकड झाली की जाऊ टोकावर." पण एक आटायची तोवर दुसरी व्यायची. कुणाच्या लग्नात अक्षता पडल्या की तुम्ही ताटावर न बसताच निघायचा, संध्याकाळची धार चुकायला नको म्हणून. माझ्या पाठवणीच्या वेळीसुद्धा तुम्ही गोठ्यातच होता. किती वर्षं मला त्याचा राग होता!

मग हातकणंगल्याचं सासर सोडून एक पिशवी घेऊन मी परत आले. सगळी गल्ली विचारत होती काय झालं, काय झालं. तुम्ही विचारलं नाही. बादली हातात दिलीत आणि म्हणालात, "धार काढ." मी कधी कासंला हात लावला नव्हता. म्हशीनं अशी लाथ झाडली की बादली एकीकडं आणि मी शेणात. मी रडायला लागले, तर तुम्ही ओरडलात, "रडाय काय झालं? जनावराला रडका हात चालत न्हाई!" आणि लगेच अंगातला शर्ट काढलात. चौकड्यांचा, कोपरावर विरलेला, तंबाखूचा आणि पेंडीचा वास येणारा. "हा घाल. तिला वाटूं दे मीच हाय." मी साडीवर तो शर्ट चढवला, बाह्या दुमडल्या, तुमच्यासारखी जीभ टाळूला लावून टकटक केलं. आणि तिनं पान्हा सोडला, आबा. त्या दिवसापासून मी पुन्हा माणसात आले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्या घरात असलं बोलायची पद्धतच नव्हती.

म्हस गेली त्याच आठवड्यात मी निघाले. घर खायला उठलं होतं. पहाटेच्या एस्टीनं गगनबावड्याचा घाट उतरले, खाली दुसरी गाडी धरली, आणि शेवटी रिक्षा. रिक्षावाला म्हातारा होता. मला आरशातनं बघत म्हणाला, "येकटीच इलास? थंय काय एक नाय हां. निस्तो वारो आसा." मी म्हटलं, "वाऱ्यासाठीच आलोय की." रस्ता संपला तिथं त्यानं रिक्षा एका वडाखाली लावली. मी थांबतो, पण अंधार करू नका, म्हणाला. पुढं मी एकटी. सगळा कातळ. त्याला तिकडं सडा म्हणतात. मैलभर सपाट काळा दगड, फटीफटीतनं वाळलेलं पिवळं गवत, मधेच एखादी करवंदीची जाळी, तीही वाऱ्यानं एका बाजूला दाबून ठेवलेली. पाऊलवाट म्हणजे माणसांच्या चालण्यानं दगडावर उमटलेला फिकट पट्टा. एका ठिकाणी शेंदूर लावलेला दगड होता, समोर फुटलेली करवंटी. नमस्कार केला आणि म्हटलं, बाबा, तू तरी इथं एकटा कसा राहतोस?

वारा एवढा की पदर तोंडावर, डोळ्यात पाणी. पिशवीतनं तुमचा शर्ट काढून अंगात घातला. हसू नका. तुम्हाला दाखवायचं म्हणूनच तो नेला होता. आणि मग चालता चालता पुढं काही उरलंच नाही. जमीन खरंच संपते, आबा! शिंपी खोटं बोलत नव्हता. तांबडा कडा सरळ खाली तुटलेला, खाली खडक, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखे काळे आणि ओले. लाट कपारीत शिरते तेव्हा आवाज आधी पायाला कळतो, मग कानाला. डावीकडं पाणी, उजवीकडं पाणी, समोर तर बघवत नाही इतकं. एक घार आपल्या खाली उडत असते. घार आणि माझ्या पायाखाली! मी "आबा, बघा की!" म्हणून ओरडले. आपल्या घराण्याचा आवाज, कट्ट्यावरनं गंगावेशीपर्यंत जायचा, पण तिथं तो माझा मलाच ऐकू आला नाही.

मी बसले. उन्हं कलली, आणि माझी बोटं आपोआप वळायला लागली. धारेची वेळ झाली होती. इतकी वर्षं ह्या वेळेला मी कुठंही असले तरी पळत सुटायचे, आणि आज जगात कुठंच कुणी माझी वाट बघत नव्हतं. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी धार होती. मग मी शर्टाची कॉलर नाकाला लावली. तुमचा वास नाही, आबा. कधीचाच गेलेला. माझं खोबरेल, माझा घाम, माझी पेंड. एवढ्या लांब मी तुम्हाला म्हणून आणलं, आणि आणलं कुणाला, तर मलाच.

तेवढ्यात फोन वाजला. सड्यावर कुठंच रेंज नव्हती आणि त्या टोकावर आली, बघा. कागलचा पाहुणा, म्हस नेलेला. "आक्का, म्हस पान्हा सोडंना झालीया. तुम्ही कसला शर्ट घालून धार काढत हुता म्हणं. तेवढा द्या की."

"शर्ट म्हशीसंगं दिल्याला न्हाई, पावणं."

"तसं न्हवं ओ. सुनंला लाथ बसलीया. रडाय लागलीया पोरगी."

"रडक्या हाताला दूध देत नसती ती, सांगा तिला," मी म्हटलं. "उद्या येतो मी."

फोन ठेवला आणि मी हसले. त्या ओसाड कड्यावर एकटी, मोठ्यानं. मग उठले आणि मागे फिरले. रिक्षावाल्यानं विचारलं, "बघलास? काय नाय मा?" मी म्हटलं, "हाय की."

कागलला गोठ्यात शिरताना मी नुसतं म्हटलं, "काय गं, भवाने," आणि तिनं मान वळवली. शर्ट पिशवीतच होता. माझा हात लागायच्या आधी तिचं दूध गळायला लागलं. घरची माणसं बघतच राहिली. मला मात्र नवल वाटलं नाही. ही तुमच्यामागं जन्मलेली, तिनं तुम्हाला कुठं बघितलंय? मागं एकदा शर्ट धुऊन वाळत घातला होता, तेव्हाही तिनं मला मुकाट धार दिली होती. तरी मी गल्लीत सांगत राहिले, आबांचा शर्ट लागतो हो हिला. तिला लागत नव्हता. मला लागत होता. सून कोपऱ्यात उभी होती, कोवळी, डोळे सुजलेली. मी पिशवीतनं शर्ट काढून तिच्या अंगात चढवला, बाह्या दुमडून दिल्या आणि म्हटलं, "घाल. तिला वाटूं दे मीच हाय." बोलून गेले आणि मग माझं मलाच कळलं मी कुणाचं वाक्य बोलले ते. डोळे पुसायला वळले, तर ती पोरगी मलाच म्हणाली, "रडू नगासा आक्का, जनावराला चालत न्हाई म्हणं." कालच शिकवलेलं तिनं मलाच परत केलं.

हे तुम्हाला पोचणार नाही, तेवढं कळतं मला. गोठ्यात बसून लिहिलं, इथंच दाव्यांच्या खुंटीवर अडकवून ठेवीन. फक्त एक राहिलंय. आज सकाळी कागलहून फोन आला. सून आनंदानं ओरडत होती, "आक्का, दिली! बादली भरून दिली!" मी म्हटलं, "शाबास, बाई." आणि मनात म्हटलं, भवाने, अजून एक दिवस तरी अडून बसायचं होतंस की.