पाठीमागून आलेला हुकूम

मंडाले, ११ नोव्हेंबर २०१२

ती. मामांस, हात जोडून नमस्कार.

तालमीत घडले ते क्रमाने लिहिते.

१. तुम्ही तुमची कमानदार वीणा, सौंग, मांडीवर घेऊन पुढे बसला होता. कितझावाबाई तुमच्या मागे, गोष्टीची चित्रे दाखवायच्या चौकटीपाशी उभ्या होत्या. मी दुभाषी म्हणून बाजूला होते.

२. गोष्टीतला अधिकारी गाव पेटवायचा हुकूम देतो. बाईंनी तो जपानीत, पूर्ण आवाजात दिला.

३. मी भाषांतर करण्याआधीच तुमचा डावा अंगठा तारेवरून सुटला.

४. तुम्ही सगळ्या तारा सैल केल्यात, वाद्याला नमस्कार केलात आणि कुणाशी न बोलता होडीकडे गेलात.

कारण मला ठाऊक नाही, म्हणून ते लिहिले नाही. मामीचा निरोप आला की सौंगवर कापड टाकले आहे आणि शिष्यांना तुम्ही परत पाठवता. याची मला काळजी वाटते. बाईंनी युद्धाविरुद्धची ही गोष्ट जपानभर सांगितली आहे. त्यांचे वडील महायुद्धात इथे सैनिक होते. इथे ती एकदाच, पौर्णिमेला, सगाइंगमधल्या शाळेत सांगायची आहे. हुकूम काढून टाकायला त्या तयार आहेत. रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची भाची,
नु यिन

---

कान्यिन, १५ नोव्हेंबर

चि. नु यिन हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी वाटलं सरकारी चौकशीचा अहवाल आला, म्हणून चष्मा पुसून बसलो. मामी म्हणते, या पोरीला ध्वनियंत्रांचं शिक्षण द्यायला जपानला धाडली, तिकडून यंत्रच परत आलं. मी म्हटलं, यंत्र गोळीची आठवण करून देत नाही. मग ती हसली. गोळी घेतो आहे.

आता कारण. बाईंचा हुकूम चुकला असता तर मी वाजवत राहिलो असतो. तो बरोबर होता. तीच चाल, शेवटी तसाच ताणलेला सूर. जपानी सैनिक गावात आले तेव्हा मी आठ वर्षांचा, आईने भाताच्या कणगीत लपवलेलं. शब्द कळत नव्हते, पण त्या आवाजानंतर काय होतं ते आमच्या सगळ्या गावाला कळत होतं. माझी आई त्यानंतर कणगीपर्यंत परत आली नाही. हे तुझ्या आईलाही मी कधी नीट सांगितलं नाही, ती तेव्हा अंगावर पिणारी होती.

बाईंना दोष देऊ नकोस. घरात ऐकल्याशिवाय असा आवाज गळ्यात येत नाही. आणि हुकूम मुळीच काढायचा नाही. तो काढला तर उरलं काय, चहापान आणि टाळ्या?

पण पाठीमागून नको. आपल्याकडे गाणारी सौंगवाल्याच्या शेजारी बसते, एका हातात छोटे टाळ, दुसऱ्यात बांबूची चिपळी. तिचा हात आणि श्वास बघत मी वाजवतो. जी दिसते तिची भीती वाटत नाही. बाईंना शेजारी बसव, ताल त्यांच्या हातात दे. जमतं का बघ. मी येईन असं मात्र लिहीत नाही. कापड अजून काढलेलं नाही.

मामीने मुरवलेली चहाची पानं पाठवली आहेत. बाईंना दे, एकटी संपवू नकोस. आम्हा म्हाताऱ्यांची आठवण ठेव.

तुझा मामा,
न्युन माउंग

---

मंडाले, २० नोव्हेंबर

ती. मामांस, हात जोडून नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. आजीविषयी आईला मी अजून सांगितलेले नाही. ते तुम्ही सांगावे.

बाईंना पत्र वाचून दाखवले. त्या म्हणाल्या की वडील तो हुकूम झोपेत ओरडत, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आई खिडक्या लावून घेई. हुकूम देणारे ते नव्हते, घेणारे होते. बाईंनी तो लहानपणीच पाठ केला, इच्छा नसताना.

ताल त्या शिकल्या. पहिल्या दिवशी टाळ आणि चिपळी उलट वाजवत होत्या. सत्तरीतल्या विद्यार्थिनीला तुझे मामा छडी मारतात का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, फक्त टोमणे मारतात. आता गाण्याचा ताल पक्का आहे. चित्रे मी बदलते.

अडचण एका जागी आहे. हुकूम आला की त्यांचा हात थांबतो. दर तालमीत. मी ध्वनिमुद्रण तपासले. हात ओरडल्यावर नव्हे, ओरडण्याच्या आधी थांबतो. ताल मी धरून पाहिला, तेव्हा त्यांच्या तोंडून हुकूमच फुटला नाही. म्हणजे त्या जागी तुम्हाला बघायला हात नसेल. त्या मात्र तुमच्या शेजारी असतील, दिसतील, आणि तुमच्याइतक्याच घाबरलेल्या असतील.

यावर माझ्याकडे तांत्रिक उपाय नाही. टेपवरची सौंग लावता येईल, पण टेप कुणासाठी थांबत नाही आणि कुणाला सावरूनही घेत नाही. बाई म्हणतात, मामा नसतील तर गोष्ट सांगायची नाही. मलाही तेच वाटते.

म्हणून एवढेच विचारते. ताल थांबेल त्या जागी तुम्ही वाजवत राहाल का? नाही म्हणालात तरी माझा नमस्कार तसाच राहील. रविवार, पंचवीस तारखेपर्यंत कळवावे.

तुमची,
नु यिन