धावत्या डब्यातलं घड्याळ

४ ऑगस्ट, सोमवार
बी.एस्सी. तिसरं वर्ष. सापेक्षता सुरू केली. या कॉलेजात हा धडा शिकवायचं माझं सव्विसावं वर्ष. कंधारला रेल्वे नाही, म्हणून पोरांना मनानं नांदेडच्या फलाटावर उभं करतो. डबा एकसारखा धावतोय. आतल्याला आपलं घड्याळ ठीकच वाटतं. ते हळू पडलंय हे फलाटावरच्यालाच दिसतं. पोरं मुकाट उतरवून घेत होती. सरांना मधे तोडायची पद्धत नाही आमच्याकडे.

६ ऑगस्ट
चष्मा वर्गात राहिला. परत गेलो तर तास संपूनही सगळे बसलेले. शुभांगी, नायगावची, फळ्यावरचं माझं गणित पुसून नव्यानं मांडत होती.
"काय चाललंय?"
"काही न्हाई सर. उजळणी करायलोत."
माझं उत्तर अर्धं शिल्लक होतं. त्यात धावतं घड्याळ जोरात! इतकी ढोबळ चूक, आणि माझ्या हातून.

७ ऑगस्ट
शुभांगीची वही मागितली. देईना. शेवटी ओढूनच घेतली. मी शिकवलेलं शाईनं, खाली पेन्सिलीनं दुरुस्ती. मागच्या धड्यांतही. जूनपासून.
"सांगायचं नाही का गं?"
"तुमाला कसं सांगावं सर?" रडायलाच लागली.
आख्खा वर्ग मला सांभाळून घेत होता. आधी राग आला. मग लई भीती वाटली.

१० ऑगस्ट, रवि.
सविताला सांगितलं. बायको ती, हादरेल वाटलं होतं. शांतपणे म्हणाली, "गॅस दोनदा चालू ठिवला तुमी. मीच बंद केला. बोलले न्हाई."
म्हणजे घरीही तेच. शास्त्र सांगतं, दोघांना एकमेकांची घड्याळं हळू दिसतात. मग मला का कुणाचं काहीच चुकलेलं दिसत नाही? उगाच डोकं खातोय स्वतःचं.

१८ ऑगस्ट
नांदेड. मेंदूचे डॉ. पोरसवदाच. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. दोन तरी नक्की आले. मग कागद पुढे केला, "सर, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."
हसूच आलं. जन्म गेला यात. झटक्यात काढून दिलं.
सवितानं कागद बघितला आणि तोंडाला पदर लावला. डॉ. तिला म्हणाले, "पुढच्या वेळी मुलाला सोबत आणा." माझ्याकडे बघून नाही म्हणाले.
कागद मागून आणलाय. तासभर समोर धरून बसलोय. बारा आकडे, दोन काटे.
मला तर बरोबरच दिसतंय.