जाळीतला टॉवेल

ब्रॅडफर्ड, १२ जानेवारी १९७४. सकाळचे आठ. गॅसच्या बॉयलरशेजारी भिंतीतल्या हवेच्या जाळीसमोर बसलोय.

प्रिय आई,

मी बरा आहे. डोकं दुखायचं थांबलंय.

काल बॉयलरची छोटी ज्योत पुन्हा विझली. घरमालक क्रॅबट्री दारातूनच म्हणाले, "आधीच्या भाडेकरूकडे नीट पेटायची. तू आलास आणि रुसली."

"मग तुम्हीच झोपा इथं."

"आईनं तोंड चालवायला बरं शिकवलंय. काडी ओढायला नाही शिकवलं?"

तुझं नाव निघालं तसा मी त्यांना बाजूला सारून गॅसवाल्याला घेऊन आलो. त्यानं त्या जाळीतून एक मळका टॉवेल ओढून काढला. गार वारा येऊ नये म्हणून क्रॅबट्रींनीच तो कोंबला होता. "हवा कोंडली की ज्योत विझते," तो म्हणाला, "आणि विषारी वायू साठला की माणूसही."

क्रॅबट्री आज टॉवेल घेऊन परत आले. म्हणून इथं बसलोय. उठणार नाही.

आई, सकाळी डोकं जड असतं असं तू लिहिलं होतंस. तुझ्या बॉयलरजवळच्या जाळीत बाबांचा स्वेटर आहे. बाबा गेल्यापासून त्याला तू कुणाला हात लावू देत नाहीस. हे पत्र खाली ठेव आणि तो काढ. काढलास की धुऊन अंगात घाल.

तुझा काळजीत असलेला,
आर्नल्ड