दाराशी मांडलेला पाट

आई, गेल्या आठवड्यात वर्गात पुन्हा तुझा विषय निघाला. जालन्याच्या कॉलेजात मी दरवर्षी हा धडा शिकवते. पेशीत नवं प्रथिन तयार होतं तेव्हा ते म्हणजे नुसता लांबलचक दोरा असतो. नेमकी घडी बसली तरच तो कामाचा. पण पेशीत गर्दी फार, आणि अर्धवट घडीतले दोरे एकमेकांना चिकटले की सगळेच वाया. म्हणून काही मदतनीस प्रथिनं असतात, त्यांना शॅपरॉन म्हणतात. त्यातली काही पिंपासारखी पोकळ. दोऱ्याला आत घेतात, वर झाकण लावतात आणि घडी बसली की सोडून देतात. घडी कशी घालायची ते शिकवत नाहीत, ते त्या दोऱ्यातच असतं. फक्त बाकीच्यांना लांब ठेवतात.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपलं आष्टीचं स्वयंपाकघर आठवलं आणि माझा जळफळाट झाला. ऐन वैशाखात वहिनी लग्न होऊन आली. अंबडची, पोळ्यांवर वाढलेली, ज्वारीची भाकरी काही जमेना. काकू म्हणते पाणी घाल, आत्या म्हणते पीठ घाल, कुणी तिच्या आईचा उद्धार करतं. ती कधी पाणी घालते, कधी पीठ, आणि भाकरी तव्यावर जाण्याआधीच मोडते. तू सगळ्यांना बाहेर काढलंस, दार ओढून घेतलंस आणि दाराशी पाट मांडून तूर निवडत बसलीस. आत तू स्वतःसुद्धा गेली नाहीस. काकू कुरकुरली तर म्हणालीस, “करू द्या तिला तिचं तिचं. मोडली तर मी खाते.” आणि मोडलेल्या सगळ्या खाल्ल्यास. मग एक दिवस दार उघडंच राहिलं, आत भाकरी टम्म फुगली होती. तू पाट उचलून भिंतीला लावलास.

मी त्याच गर्दीत काकूच्या चापट्या खात शिकले होते. तुला विचारलंही, माझ्यासाठी कधी लावलंस दार? सुपातून नजर न काढता तू म्हणालीस, “तुला कामून पाहिजे दार? तू तर आपुनच शिकलीस.” पुस्तकही तुझ्याच बाजूचं निघालं. पुष्कळशी लहान प्रथिनं म्हणे मदतीवाचून घडी घालतात. घालत असतील. त्यांना काय वाटतं, ते कुणी लिहिलेलं नाही.

तर आई, वर्गात मी ही गोष्ट सांगते तेव्हा दाराआडची मुलगी मी असते. वहिनीचं नावच काढत नाही. यंदा तिची लेक माझ्या वर्गात आहे, हे मी बोलण्याच्या भरात विसरले. पोरगी रविवारी आष्टीला जाऊन आली. आज तास संपल्यावर जवळ आली तेव्हा मी फळा पुसायला वळले. म्हणाली, “आत्या, मम्मीला इचारलं. मम्मी म्हणली, बराबर आहे. आजी तुमच्यासाठी दारात बसून राह्यची, कोणाला आत जाऊ देत न्हवती.”

वहिनीनं मला झाकून घेतलं. हे ती तुझ्याकडून शिकली आणि मला, तुझ्या पोटच्या पोरीला, आलं नाही. मला त्याचाही हेवा वाटला. तू असतीस, हे पत्र पाठवायची सोय असती, तरी मी पाठवलं नसतं. तू वाचून आधी तिचंच कौतुक केलं असतंस.