गोळी माझ्या अंगात साचत होती

पुणे

पुनमच्या बाबांना शिवकन्येचा नमस्कार. दादाकडं मी बरी हाय. फोनवर तुमच्याभोवती माणसं असतात, म्हणून लिहिते.

कानातले आवाज बंद व्हायला तिकडं गोळी सुरू केली, तवापासून माझे हात थरथरायचे, पाय आखडायचे, लाळ गळायची. घरात सगळे म्हणायचे, काम चुकवायला सोंग करते. इथल्या डॉक्टर मॅडमनं तसं म्हणलं न्हाई. त्यांनी रक्त घेऊन जनुकांची तपासणी करायला लावली. रिपोर्ट आल्यावर म्हणल्या, "काहींच्या शरीरात हे औषध फार हळू विरतं. ते जन्मापासूनच तसं असतं. इतरांना मानवणारा डोस तुमच्या अंगात साचत गेला."

मी इचारलं, "मंग माझी चूक काय?"

"काहीच नाही."

मी तिथंच रडले.

त्यांनी गोळी बदलली. कानातले आवाज थांबले, हातांची थरथरबी गेली. परवा वहिनीसंगं भाकरी थापली, एकबी मोडली न्हाई. आजार हाय, गोळी घेतच राहावं लागंल, ते मला मान्य हाय.

पुनमची वेणी कोण घालतं? ती माझी आठवण काढते का?

घरचे तुमच्यासाठी दुसरी सोयरीक बघून राहिले म्हणं. हे मला दादानं सांगितलं, कानातल्या आवाजांनी न्हाई. तुमी काहून सांगितलं न्हाई?

हरभरा काढायच्या आधी मी आपल्या घरी, साखऱ्याला, परत येऊन राहिले. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. गोळी गिळली का ते बघायला त्या मला, त्यांच्या सुनेला, तोंड उघडायला लावायच्या. आता गोळी मी सगळ्यांसमोर घेईन, पण तोंड उघडून दाखवणार न्हाई.

तुमचीच,
शिवकन्या