मनसारामला आई आहे

मूल,
९ जानेवारी १९५५

प्रिय भाऊ,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या रविवारी तुझा गिरणीचा संघ ब्रह्मपुरीला सामना खेळायला येतो आहे आणि आम्ही 'गर्दीत यायचा त्रास घेऊ नये', असं तू लिहिलंस. ते वाचलं आणि शाळेत माझ्या वर्गातल्या पोरींवर विनाकारण ओरडले. राग त्यांच्यावरचा नव्हता. ज्याच्यावरचा होता त्यालाच आता पाठवते.

इकडे तू काय झाला आहेस, तुला ठाऊक नसेल. ज्यांना बास्केटबॉल हा शब्द धड म्हणता येत नाही, तेही बाजारात तुझ्या गोष्टी सांगतात. जबलपूरवाल्यांविरुद्ध तू तापाने फणफणत खेळलास आणि शिट्टी वाजता वाजता अर्ध्या मैदानातून टाकलेला चेंडू कडीला न लागता आत गेला, हे मी नागभीडच्या फलाटावर एका अनोळखी माणसाकडून ऐकलं. "ढिवराचा पोरगा हाये, उडला का खाली येवाचं भुलून जाते," तो सांगत होता. मी तुझी बहीण म्हटल्यावर त्याने उठून मला जागा दिली.

त्या गोष्टींत आई कुठेच नसते. बाबा वैनगंगेच्या पुरात गेले, तेव्हा तू शाळेत नुकताच हा खेळ शिकला होतास. मोडक्या पिंपाची लोखंडी कडी तिने मोहाच्या झाडाला ठोकून घेतली आणि स्वतःच्या जाळ्याचा चांगला तुकडा कापून तिला बांधला. "झाडाले कायले जाळं लावते, सुगंधा?" म्हणून शेजारणी हसल्या. "माह्या पोराले खेळाचं हाये," एवढंच ती बोलली. तू हायस्कुलात शिकावंस म्हणून मासळीची टोपली डोक्यावर घेऊन ती ब्रह्मपुरीपर्यंत पायी जायची.

दिवाळीनंतर पोचूकाकांबरोबर ती तुला बघायला नागपूरला आली होती. परतली ती हसतच. "साहेब लोकाईच्या पंगतीत मले आपल्या बाजूले बसवून जेवला," असं गावभर सांगत फिरली. मीही खरं मानलं. मग एकदा पोचूकाका बोलून गेले. मैदानाच्या फाटकाशी तिने तुला हाक मारली. गिरणीच्या साहेबाने विचारलं, ही कोण? तू म्हणालास, "गावची बाई आहे, मासे विकते." आणि आईने मान हलवली, "हो जी" म्हणाली. मग दोघं तिथूनच स्टेशनवर गेली, उपाशी.

पुढे नागपूरच्या पेपरात तुझा फोटो आला. आईने तो खळ लावून भिंतीला चिकटवला आणि मला म्हणाली, वाच. खाली छापलं होतं, 'बालपणीच आईवडिलांना पारखा झालेला खेळाडू मनसाराम'. मी वाचलं, 'सुगंधाबाईंचा मुलगा'. "पुन्हा वाच," ती म्हणाली. भाऊ, दुसऱ्यांदाही मी तेच वाचलं.

हायस्कुलाच्या वसतिगृहात तुझं ताट वेगळं मांडायचे, मासळीचा वास येतो म्हणून तुझ्या शेजारी कुणी झोपायचं नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. त्या वेळी मी तुझ्यासाठी रडले. आजही त्या पोरांची चीड येते. पण त्यांनी तुला बाहेर बसवलं म्हणून तू आईला बाहेर काढावंस? मैदानावर तुझ्यापेक्षा वीतभर उंच गड्यांना तू भीत नाहीस, असं लोक म्हणतात. लोकांना काय माहीत.

काल घरी गेले होते. तुझ्या कार्डाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. सामन्याची बातमी गावात आधीच पोचली होती. आई चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "तू जाय सामन्याले. मी नाई येत. चार लोकांत त्याले मुश्किल होते." म्हणजे तिला सगळं कळलं आहे, आणि तिने तुला माफही करून टाकलं आहे. मी केलेलं नाही. म्हणून हे पत्र. रविवारी मी तिला घेऊन येणार. तुझ्या गळ्यात हार घालतील तेव्हा तिचा हात धरून सगळ्यांदेखत तुझ्यासमोर उभी राहणार. कुणीतरी विचारीलच, ही कोण. काय सांगायचं ते गाडीत बसण्याआधी ठरव. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आईने माझ्या तोंडावर हात ठेवला तरी.

तुझीच,
गोकुळा